कॅलिफोर्नियमचे तुकडे आणि प्लेगची सुई

ऑगस्ट २०२१मध्ये कोलकाता विमानतळाच्या परिसरात पश्चिम बंगालच्या गुन्हे अन्वेषण विभागाने दोघांना अटक केली. त्यांच्याजवळ राखाडी रंगाचे चार तुकडे सापडले. वजन सुमारे अडीचशे ग्रॅम. पदार्थ कॅलिफोर्नियम असल्याचे सांगण्यात आले आणि किंमत सव्वाचार हजार कोटी रुपये. देशभरातील वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी तो आकडा ठळक अक्षरांत मिरवला. अण्वस्त्रे, तस्करी, दहशतवाद हे शब्द त्याच्या मागोमाग आलेच. समाजमाध्यमांवर दोन दिवस भीतीचा बाजार तेजीत होता.

आता पदार्थविज्ञान काय म्हणते ते पाहू. कॅलिफोर्नियम-२५२ हे समस्थानिक वापरण्याजोग्या प्रमाणात तयार करणारी केंद्रे जगात मुख्यत्वे दोन: अमेरिकेतील ओक रिज आणि रशियातील दिमित्रोव्हग्राद. त्यांचे वर्षभराचे उत्पादन मिलिग्रॅममध्ये मोजले जाते. या पदार्थाच्या एका ग्रॅममधून सेकंदाला सुमारे २ लाख ३० हजार कोटी न्यूट्रॉन बाहेर पडतात. अडीचशे ग्रॅम एकत्र आणले, तर त्यांतून साडेनऊ किलोवॅटच्या आसपास उष्णता सतत निघत राहील. म्हणजे घरगुती पाण्याचे चार-पाच गिझर एकाच वेळी चालू ठेवल्याइतकी. एक मीटर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला प्राणघातक मात्रा मिळायला काही सेकंद पुरतील. तो ऐवज पिशवीत घालून आणणारे, तो जप्त करणारे, त्याचा पंचनामा लिहिणारे आणि छायाचित्र काढणारे यांपैकी कोणीही ती बातमी वाचायला शिल्लक राहिले नसते. सगळे जण धडधाकट होते, एवढ्यावरूनच निकाल लागत होता.

विमानतळापासून फार दूर नसलेल्या बिधाननगरात अणुऊर्जा विभागाचे व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर आहे. देशातील उत्तम अणुभौतिकशास्त्रज्ञांपैकी कितीतरी जण तिथे काम करतात. बातमी छापण्याआधी तिथे एक दूरध्वनी करण्याची तसदी बहुतेकांनी घेतल्याचे दिसले नाही. ग्रॅमला सतरा कोटी हा आंतरजालावरचा भाव घेऊन त्याला अडीचशेने गुणले, की सव्वाचार हजार कोटी होतात. त्या बातमीतील सारे विज्ञान या गुणाकारात संपले.

हा प्रसंग हसण्यावारी नेता आला असता. पण सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयी या देशात जी सार्वजनिक चर्चा चालते तिचा तो अस्सल नमुना आहे. तीत धोका नेहमी परका, दुर्मीळ आणि अब्जावधींचा असतो. तो सीमेपलीकडून येतो, पिशवीत चमकतो आणि त्यावरचा उपाय म्हणजे बंदूकधारी पथक व भोंगा. प्रत्यक्षातला धोका याच्या अगदी उलट स्वभावाचा आहे आणि त्याचा धडा याच शहराने नव्वद वर्षांपूर्वी गिरवला आहे. तो विसरला गेला, ही खरी चिंतेची बाब.

२६ नोव्हेंबर १९३३. हावडा स्थानक. पाकुडच्या जमीनदार घराण्यातील वीस वर्षांचा अमरेंद्रचंद्र पांडे आपल्या गावी जायला निघाला होता. निरोप द्यायला सावत्र भाऊ विनयेंद्र आला होता. इस्टेटीच्या वाटणीवरून दोघांत वितुष्ट होते. गर्दीत खादीचे कपडे घातलेला एक माणूस अमरेंद्रला घासून गेला आणि दंडात काही टोचल्याची त्याला जाणीव झाली. बाही दूर करून पाहिले तर सुईच्या टोकाएवढी जखम. नातेवाइकांनी आग्रह केला, गावी जाऊ नको, रक्त तपासून घे. विनयेंद्रने ती शंका हसण्यावारी नेली. गाडी सुटली. तीन दिवसांनी अमरेंद्र ताप घेऊन कोलकात्यात परतला आणि ४ डिसेंबरला मरण पावला.

हे प्रकरण इथेच मिटले असते. श्रीमंताघरचा तरुण तापाने गेला, देहाला अग्नी दिला, चार दिवस हळहळ झाली. त्या काळी असे मृत्यू रोजचेच होते. पण उपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकी कोणाला तरी हा ताप नेहमीचा वाटला नाही. त्यांनी मृत्यूपूर्वी रक्त काढून जंतुसंवर्धनासाठी पाठवले होते. अहवाल आला तेव्हा रुग्ण हयात नव्हता. रक्तात प्लेगचे जंतू होते. ज्या शहरात त्या वेळी प्लेगचा मागमूस नव्हता, त्या शहरात एका सुखवस्तू घरातल्या एकाच माणसाला, दंडावरच्या एका टोचणीनंतर, प्लेग झाला होता. चितेवर देह गेला, तरी काचेच्या नळीतले रक्त मागे राहिले होते.

तपासाचे धागे मुंबईला पोचले, आणि मराठी वाचकाने या कथेतला हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. विनयेंद्रचा साथीदार तारानाथ भट्टाचार्य हा जंतुशास्त्राची माहिती असलेला डॉक्टर. त्याने १९३२मध्ये परळच्या हाफकिन संस्थेकडे तार करून प्लेगच्या जंतूंचे संवर्धन मागितले. संस्थेने कळवले, की बंगालच्या सर्जन जनरलची परवानगी आणल्याशिवाय ते मिळणार नाही. परवानगी मिळणे शक्यच नव्हते. हा एका ओळीचा नकार म्हणजे भारताच्या इतिहासातील जैविक सुरक्षेची एक उत्तम कामगिरी होय. तिच्यासाठी ना भोंगा वाजला, ना कोणाला पदक मिळाले. एका कारकुनी नियमाने खुन्याची वाट वर्षभर अडवून धरली.

१९३३च्या उन्हाळ्यात मात्र दोघे मुंबईत येऊन थडकले. हाफकिनचे दार पुन्हा किलकिले करण्याचा प्रयत्न फसला, तेव्हा ते आर्थर रोडवरच्या साथरोग रुग्णालयाकडे वळले. आज ज्याला आपण कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखतो तेच. प्लेगवर औषध शोधले आहे, त्याची चाचणी घ्यायची आहे, असे तारानाथने सांगितले. सौजन्य, ओळखपाळख, संशोधनाविषयीचा आदर, सगळे जुळून आले आणि त्याला प्रयोगशाळेत काम करू देण्यात आले. जुलैत काही दिवस त्याने उंदरांवर 'प्रयोग' केले आणि १२ तारखेला दोघांनी अचानक मुंबई सोडली. ज्या जंतूंना एका संस्थेने कुलूपबंद ठेवले, त्यांच्यापर्यंत पोचायला शेजारच्या संस्थेतला चांगुलपणा पुरेसा ठरला. त्या रुग्णालयातील माणसांना दुष्ट ठरवण्याचे कारण नाही. त्यांच्या जागी आजचा कोणताही प्रयोगशाळाप्रमुख असता तरी वेगळे वागला असता, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

१९३५मध्ये विनयेंद्र आणि तारानाथ यांना फाशीची शिक्षा झाली. १९३६मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ती जन्मठेप काळ्या पाण्यात बदलली. सुई टोचणारा माणूस आणि ती सुई कधीच सापडली नाहीत. शिक्षा झाली ती तारेच्या नोंदीवर, मुंबईतल्या हॉटेलांच्या नोंदवह्यांवर, प्रयोगशाळेतल्या माणसांच्या साक्षींवर आणि त्या रक्ताच्या अहवालावर. साम्राज्याच्या पोलिसांकडे जैविक हल्ल्यासाठी वेगळे पथक नव्हते. जे होते ते नीट लिहिलेले रजिस्टर आणि एका डॉक्टरची शंकेखोर बुद्धी.

सज्जतेचा अर्थ या प्रकरणात जेवढा स्वच्छ दिसतो तेवढा तो राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक पुस्तिकांतही दिसत नाही. पुस्तिका वाईट आहेत असे नव्हे. जैविक आपत्तींविषयीची २००८ची, किरणोत्सारी आणि रासायनिक दहशतवादाविषयीच्या २००९च्या, या तिन्ही अभ्यासपूर्वक लिहिलेल्या आहेत आणि ज्यांनी त्या लिहिल्या त्यांना रुग्णालयांची अवस्था ठाऊक होती हे ओळीओळींतून जाणवते. प्रश्न असा, की त्यांतले काय अमलात आणणे सोपे आणि दिखाऊ होते आणि काय कष्टाचे व अदृश्य होते. पथके उभी राहिली, रासायनिक संरक्षणाचे पोशाख आले, सराव झाले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांचे काम खरोखर वाखाणण्याजोगे आहे, आणि पुण्याजवळची किंवा बंगालमधली त्यांची बटालियन उद्या लागणारच नाही असे कोणी म्हणू नये. परंतु ते पथक बोलावले जाते ते काय घडले आहे हे कळल्यानंतर. कळण्याआधीच्या तासांचे, दिवसांचे काय?

याचे उत्तर शोधायला पुन्हा बंगालमध्येच जावे लागते. २००१च्या जानेवारी-फेब्रुवारीत सिलिगुडीत एक अनोळखी ताप पसरला. ६६ रुग्ण, ४५ मृत्यू. बहुसंख्यांना लागण झाली ती रुग्णालयांत: शेजारच्या खाटेवरून, सेवा करताना, रुग्णाला भेटायला गेल्यावर. डॉक्टर आणि परिचारिका गेल्या. हा निपाह विषाणू होता हे शास्त्रीय नियतकालिकातून ठामपणे प्रसिद्ध व्हायला २००६ साल उजाडले. पाच वर्षे! आता २०१८चे कोळिकोड पाहा. मे महिन्यात एकाच कुटुंबातला दुसरा रुग्ण तशाच लक्षणांनी दाखल होताच तिथल्या डॉक्टरांच्या मनात शंका आली, नमुने मणिपालला गेले, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने निदानावर शिक्कामोर्तब केले आणि काही दिवसांत संपर्कातल्या माणसांच्या याद्या तयार झाल्या. तिथेही १७ बळी गेले. पण साथ तिथेच थांबली. दोन्ही ठिकाणी विषाणू एकाच जातीचा. फरक पडला तो पहिल्या आठवड्यात कोणी प्रश्न विचारला की नाही यामुळे, आणि प्रश्न विचारल्यावर नमुना पाठवायला चालू प्रयोगशाळा होती की नाही यामुळे.

निपाह वटवाघळाने आणला की कोणी कुपीतून सोडला, हे रुग्णाच्या खाटेशी उभ्या असलेल्या परिचारिकेला ठरवता येत नाही आणि तिने ते ठरवण्याची गरजही नाही. तिला हातमोजे, मुखपट्टी आणि विलगीकरणाची खोली हवी. ती असेल तर शत्रूचा आणि निसर्गाचा दोघांचाही हल्ला निम्मा निष्प्रभ होतो. ज्या जिल्हा रुग्णालयात हातमोजे जपून वापरा असे तोंडी सांगितले जाते, तिथे जैविक युद्धाच्या सज्जतेवर परिसंवाद भरवणे ही क्रूर थट्टा आहे.

रासायनिक अस्त्रांविषयीचे अज्ञान याहून दाट आहे. टोकियोच्या भुयारी रेल्वेत २० मार्च १९९५ रोजी ओम शिनरिक्यो या पंथाने सरीन हा विषारी पदार्थ सोडला. १३ माणसे त्यात दगावली. उपचारांसाठी गेलेल्यांची संख्या सुमारे साडेपाच हजार. एकट्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात त्या दिवशी ६४० जण पोचले, त्यांतले बरेचसे चालत, टॅक्सीने, वाटेतल्या गाड्यांनी. निर्जंतुक पोशाखातले पथक त्यांना घेऊन आले नाही. कपड्यांतून आलेल्या वाफेने शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांना त्रास झाला. सर्वाधिक त्रास झाला तो रुग्णालयाच्या प्रार्थनागृहात, कारण रुग्ण तिथे दाटीवाटीने ठेवले होते आणि हवा खेळत नव्हती. अग्निशमन दलाने सुरुवातीला पदार्थाचे नाव चुकीचे कळवले. खरे निदान व्हायला मदत झाली ती शिन्शू विद्यापीठाच्या रुग्णालयातून आलेल्या फोनची. तिथल्या डॉक्टरांनी आदल्याच वर्षी मात्सुमोतो शहरातले सरीनचे रुग्ण पाहिले होते आणि दूरचित्रवाणीवरची दृश्ये बघताच त्यांनी लक्षणे ओळखली.

आणि औषध? सरीनवरच्या उपचारात अॅट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम, म्हणजे डॉक्टरांच्या बोलीतले 'पॅम', वापरतात. टोकियोत पॅमचा साठा अपुरा पडला आणि तो नागोयाच्या बाजूने बुलेट ट्रेनने आणावा लागला. राजधानीत तो कमी का होता, याचे कारण मार्मिक आहे: हे औषध शेतकऱ्यांच्या विषबाधेचे. कीटकनाशकांतील ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गाची रसायने आणि सरीन एकाच कुळातली. दोन्ही शरीरातल्या एकाच विकराला, कोलिनेस्टरेजला, निकामी करतात. लाळ, घाम, आकसलेल्या बाहुल्या, गुदमरणारा श्वास, चित्र तेच.

विदर्भातल्या कोणत्याही ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्याला हे चित्र डोळे मिटूनही दिसेल. २०१७च्या पावसाळ्यानंतर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने रुग्णालयांत आले, वीसहून अधिक मेले. सर्वच बाधा या एका वर्गाच्या रसायनांची नव्हती. पण निदानासाठी लागणारी कोलिनेस्टरेजची साधी चाचणी जिल्ह्याच्या ठिकाणी होत नव्हती, असे त्या वेळी उघड झाले. तेवढ्या एका तपशिलाने देशाच्या रासायनिक सज्जतेचा ताळेबंद मांडला गेला. यवतमाळच्या मजुरासाठी जी चाचणी, जे अॅट्रोपिन आणि जो कृत्रिम श्वासोच्छ्वासाचा संच हवा होता, तोच उद्या हावडा मैदान ते एस्प्लनेड या हुगळीच्या तळाखालून जाणाऱ्या मेट्रोतल्या प्रवाशाला हवा असेल. (पॅमच्या उपयुक्ततेविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. अॅट्रोपिनविषयी आणि श्वासाला आधार देण्याविषयी नाहीत.) भारतातली पहिली भुयारी रेल्वे १९८४मध्ये कोलकात्याने धावती केली, मार्च २०२४मध्ये ती नदीखालून गेली. त्या बोगद्याच्या अभियांत्रिकीचे कौतुक सर्वांनी केले. त्याच्या दोन्ही टोकांना असलेल्या रुग्णालयांत या क्षणी अॅट्रोपिनच्या किती कुप्या आहेत, हा प्रश्न मात्र कोणत्याही वाहिनीच्या चर्चेत ऐकू येत नाही. तो विचारला तर आधी दक्षिण चोवीस परगण्यातल्या शेतमजुराचा जीव वाचेल, आणि बहुधा म्हणूनच तो राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न मानला जात नाही.

किरणोत्साराची गोष्ट थोडक्यात. कॅलिफोर्नियमच्या वावड्या उठण्याच्या अकरा वर्षे आधी, एप्रिल २०१०मध्ये, दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात खराखुरा किरणोत्सारी पदार्थ सापडला होता: कोबाल्ट-६०. तो कोणत्याही तस्कराने आणलेला नव्हता. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले एक किरणन यंत्र १९८५पासून वापराविना पडून होते, ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले. कामगारांनी शिशाचे कवच फोडले. सात-आठ जण भाजले, एक जण दगावला. इथेही धोका प्रथम ओळखला तो एका रुग्णालयातल्या डॉक्टरांनी, भंगारविक्रेत्याची काळवंडलेली कातडी पाहून. ज्या विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवले जाते, तिथल्या कोठारात काय आहे याची नोंद चुकली. मग देशातल्या जुन्या कर्करोग केंद्रांत आणि बंद पडलेल्या कारखान्यांत काय काय पडून आहे, याची यादी वर्षातून एकदा प्रत्यक्ष जाऊन पडताळणे हे दहशतवादविरोधी काम आहे की नाही? ज्याला घातपात करायचा आहे तो जगातला सर्वांत महाग पदार्थ शोधत बसणार नाही. तो आर्थर रोडच्या प्रयोगशाळेसारखे एखादे सौजन्यशील दार शोधेल. १६ मार्च १९९३ रोजी बऊबाजारात झालेल्या स्फोटात ६९ माणसे मेली, तीही भरवस्तीतल्या एका इमारतीत साठवलेल्या स्फोटकांनी. मुंबईतल्या साखळी स्फोटांना तेव्हा चारच दिवस झाले होते आणि देशभर सतर्कतेचे इशारे दिले जात होते. साठा शेजारीच होता.

या युक्तिवादावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाकाऊ नाही. दहशतवादी हल्ला म्हणजे साथ नव्हे, तिथे शत्रू विचार करतो, डावपेच बदलतो. म्हणून गुप्तता, शिस्त आणि बळ यांना पर्याय नाही, असे सुरक्षा क्षेत्रातले लोक म्हणतात. शत्रू विचार करतो हे खरे. पण गुप्ततेची आणि बळाची सज्जता जनतेच्या अंगावर कशी उलटते, याची उदाहरणे पुण्याला आणि कोलकात्याला कोणी सांगायला नकोत. १८९७मध्ये प्लेग कमिटीच्या रँडने सोजिरांकरवी घराघरांत तपासणी केली. लोकांनी रुग्ण लपवले, प्रेते लपवली. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंच्या गोळ्या झाडल्या गेल्या. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात सक्तीने टोचण्याच्या अफवेवरून दंगल उसळली. १८९९मध्ये त्याच शहरात भगिनी निवेदिता बागबाजारच्या गल्ल्यांत स्वतः झाडू घेऊन उतरल्या, विद्यार्थी त्यांच्यामागे आले आणि जे काम शिपायांच्या धाकाने होत नव्हते ते वस्तीवस्तीत सुरू झाले. जंतू तोच होता आणि राज्यही तेच.

याहून भीषण दाखला १९४२चा. जपानी फौजा बंगालच्या उपसागरातून उतरतील या भीतीने सरकारने किनारी जिल्ह्यांतल्या हजारो नावा ताब्यात घेतल्या किंवा नष्ट केल्या आणि धान्य हलवले, शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून. कागदावर ही आदर्श सज्जता होती. डिसेंबरात कलकत्त्यावर जपानी बॉम्ब पडलेही. पण नावा गेलेल्या कोळ्यांचे आणि शेतकऱ्यांचे दळणवळण तुटले, महागाईने आणि साठेबाजीने बाकीचे केले, आणि १९४३च्या दुष्काळात बंगालने पंधरा ते तीस लाख माणसे गमावली; कोणाचा अंदाज धरावा त्यावर आकडा अवलंबून. दुष्काळाला कारणे अनेक होती. त्यांतले एक कारण 'संरक्षण' या नावाने फायलीत नोंदलेले आहे. सज्जता कोणाच्या जिवासाठी, हा प्रश्न न विचारता केलेली तयारी शत्रूपेक्षा अधिक माणसे मारू शकते, हे कोलकात्याच्या फुटपाथांनी पाहिलेले आहे.

मे २०२५मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने देशातल्या २४४ जिल्ह्यांत नागरी संरक्षणाचा सराव जाहीर केला. भोंगे, दिवे मालवणे, आडोशाला बसणे. हवाई हल्ल्याच्या दृष्टीने त्याला अर्थ आहेच. नागरिकांना काही तरी शिकवले जाते आहे हेही स्वागतार्ह. पण जंतू भोंग्याने कळत नाहीत, वायू दिवे मालवून टळत नाही आणि कोबाल्टला आडोसा लागतो तो शिशाचा. या तिन्हींसाठी नागरिकाला जे शिकवायला हवे ते साधे आहे: बाधित हवेतून बाहेर पडावे, वरचे कपडे उतरवून ठेवावेत, भरपूर पाण्याने अंग धुवावे, अनोळखी धातूचे जड भांडे फोडू नये, घरातल्या दोघांना एकाच वेळी विचित्र ताप आला तर डॉक्टरला ते आवर्जून सांगावे. शाळेच्या पाठ्यपुस्तकातल्या एका पानावर हे सारे मावेल. ते पान अजून छापले गेलेले नाही, आणि वाहिन्या सव्वाचार हजार कोटींचा गुणाकार करण्यात मग्न आहेत.

सराव कोणासाठी हवा, हेही एकदा ठरवावे लागेल. ९ डिसेंबर २०११च्या पहाटे ढाकुरियातल्या एएमआरआय रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. गाड्यांसाठी असलेल्या त्या जागेत ज्वलनशील सामान भरलेले होते. धूर वातानुकूलनाच्या नळ्यांतून वरच्या मजल्यांवर गेला आणि नव्वदच्या आसपास माणसे, बहुतेक रुग्ण, खाटांवरच गुदमरून मेली. तो हल्ला नव्हता. पण वायूने भरलेली बंद इमारत, हलता न येणारी माणसे आणि अंधार, यांहून वेगळे रासायनिक हल्ल्यात काय असते? धूर सर्वांत आधी पाहिला तो शेजारच्या पंचाननतला वस्तीतल्या तरुणांनी. अग्निशमन दलाच्या कितीतरी आधी ते फाटकाशी पोचले. पहारेकऱ्यांनी त्यांना सांगितले, काही नाही, घरी जा, आणि परत पाठवले. आग आवाक्याबाहेर गेली तेव्हा तीच मुले भिंतीवर चढून, काचा फोडून, रुग्णांना पाठीवर घेऊन उतरत होती.